मोठें मन

सकाळचा चहा आणि वर्तमानपत्र यांची आमच्या घरीं जुनी सोबत आहे. पानांची वांटणीही ठरलेली असते. पहिलें पान दादांचें, शब्दकोडें मुलांचें, हातांतलें काम संपलें तर मधलें पान वहिनींचें, आणि उरलेंसुरलें तें आमचें. आमच्या आत्याबाईंनीं चौऱ्यायशी वर्षें पुरीं केलीं आहेत. त्यांस आतां बारीक अक्षर लागत नाहीं, परंतु बातम्या ऐकल्यावांचून त्यांच्या गळ्याखालीं चहा उतरत नाहीं. म्हणून मोठ्यानें वाचून दाखविण्याचें काम बहुधा आमच्या वांट्यास येतें. एकत्र कुटुंबांत ज्याला ठराविक काम नसतें, त्याच्याकडे अशीं कामें आपोआप चालत येतात, हा अनुभव वाचकांपैकीं पुष्कळांस असेल.

२०२५ च्या फेब्रुवारींतील एका सकाळीं वाचनाची अशीच फेरी चालली असतां आम्ही आमच्याच शहरांतल्या एका बातमीपाशीं आलों. परभणीहून १७ जानेवारीस मुंबईकडे पायीं निघालेला मोर्चा नाशकांत येऊन थांबला होता. साडेतीनशें किलोमीटरांहून अधिक वाट तुडवून तीं माणसें आलीं होतीं. सरकारच्या वतीनें बोलणीं झालीं, कांहीं मागण्यांबद्दल आश्वासनें मिळालीं, आणि मोर्चा स्थगित करण्यांत आला. आंदोलकांपुढें बोलतांना एका आमदारांनीं, पोलिसांना मोठ्या मनानें क्षमा करावी, अशा अर्थाचे शब्द काढले होते. त्यावर गदारोळ उठला आणि त्यांनीं खुलासा केला, तोही पुढें छापून आला.

तुम्ही पाहावयास गेलां होतां काय, असें कोणी आम्हांस विचारील, तर नाहीं. घरीं पाहुणे होते. खरें सांगावयाचें तर पाहुणे नसते तरीही आम्ही गेलों असतों असें वाटत नाहीं.

"शहाणपणाचें बोलले," दादा म्हणाले. "गेलेला मुलगा कांहीं परत यावयाचा नाहीं. सरकार दहा लाख देत होतें. आईनें ते घ्यावेत, मागें राहिलेल्यांचें पाहावें आणि मन मोठें करावें. किती दिवस धरून बसावयाचें?"

आत्याबाईंनीं कप खालीं ठेवला. "कोणाचा मुलगा?"

"तो परभणीचा. सूर्यवंशी."

"कसा गेला?"

दादांनीं पान उलटलें. "कोठडींत. छातींत दुखूं लागलें म्हणतात."

"म्हणतात म्हणजे? कोण म्हणतात?" आणि मग आमच्याकडे वळून, "अरे, मला पहिल्यापासून वाच. मागचे अंक काढ."

रद्दीवाला सुदैवानें दोन महिने फिरकला नव्हता.

१० डिसेंबर २०२४ रोजीं परभणीच्या रेल्वे स्थानकाजवळील डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्यापुढें असलेल्या संविधानाच्या प्रतिकृतीची एका मनुष्यानें विटंबना केली. दुसऱ्या दिवशीं शहर बंद ठेवण्यांत आलें. त्या बंदास दगडफेकीचें व जाळपोळीचें वळण लागलें, आणि मग पोलिसांनीं धरपकड सुरू केली. पकडल्या गेलेल्यांत सोमनाथ सूर्यवंशी होता. वय वर्षें पस्तीस, वडार समाजांतला, कायद्याचा विद्यार्थी. दोन दिवस पोलिसांची कोठडी झाली, मग न्यायालयीन कोठडी झाली, आणि १५ डिसेंबरला तो मरण पावला. छत्रपति संभाजीनगर येथें शवविच्छेदन झालें. अनेक जखमांमुळें बसलेला धक्का हें मृत्यूचें कारण डॉक्टरांनीं प्रथम नोंदलें. पांच दिवसांनीं विधानसभेंत मुख्यमंत्र्यांचें निवेदन झालें, त्यांत असें सांगण्यांत आलें कीं, मॅजिस्ट्रेटपुढें त्यानें छळाची तक्रार केली नव्हती आणि त्याला श्वसनाचा जुना विकार होता. त्याच वेळीं न्यायालयीन चौकशी आणि दहा लाखांची मदत जाहीर झाली.

त्याची आई विजयाबाई सूर्यवंशी. त्यांनीं १८ डिसेंबरला पोलिसांकडे अर्ज दिला, कीं ज्यांनीं माझ्या मुलास मारलें त्यांच्यावर गुन्हा नोंदवावा. दहा लाखांची मदत त्यांनीं नाकारली. नाशकांत क्षमेचे शब्द निघाले तेव्हां, आपण क्षमा करणार नाहीं, असें त्यांनीं स्पष्ट सांगितलें.

आम्ही वाचावयाचें थांबलों. दादा म्हणाले, "दुःखाच्या भरांत माणूस बोलतो असें."

आत्याबाई पुष्कळ वेळ कांहीं बोलल्या नाहींत. आमचा आतेभाऊ १९८१ सालीं, सतरा वर्षांचा असतांना, काविळीनें गेला. आत्याबाई त्याच्याविषयीं सहसा बोलत नाहींत आणि आम्हीही विषय काढीत नाहीं. त्या दिवशीं त्या आपण होऊन बोलल्या.

"मला डॉक्टरांनीं सगळें सांगितलें होतें. रात्रीं किती वाजतां ग्लानि आली, सलाइन कधीं लावलें, शेवटीं त्यानें पाणी मागितलें तें कोणत्या नर्सनें दिलें. मीं दहा वेळां विचारलें आणि त्यांनीं दहा वेळां सांगितलें. चव्वेचाळीस वर्षें मी तेवढ्यावर काढलीं. कोणी येऊन मला म्हणालें असतें, कीं तुझा मुलगा कसा गेला तें विचारूं नकोस, हे पैसे घे आणि मन मोठें कर, तर माझें मन मोठें झालें नसतें. मी रस्त्यावर आलें असतें."

दादांनीं वर्तमानपत्राची घडी केली आणि ते आंघोळीस उठून गेले.

त्या दिवसापासून आत्याबाईंनीं आमच्या मागें एक नवें काम लावून दिलें. अशा आणखी आया असतील, त्यांचें मिळेल तें वाचून दाखव. आम्हीं आधीं टाळाटाळ केली. म्हातारपणीं असलें ऐकून झोंप लागणार नाहीं, असें वहिनींनींही सुचवून पाहिलें. "मला तशीही लागत नाहीं," असें उत्तर मिळालें. मग न्यायालयांचे निकाल, जुने अंक, मोबाइलवर मुलांनीं शोधून दिलेले लेख, असें करीत उन्हाळ्यांतल्या कितीतरी संध्याकाळीं आमचें वाचन चाललें. ह्या वाचनांत एक वाक्य आम्हांस पुनःपुन्हां भेटत गेलें. तें वाक्य असें, कीं मुलगा पळून गेला.

ओरिसांतील नीलाबती बेहेरा यांचा बावीस वर्षांचा मुलगा सुमन यास १ डिसेंबर १९८७ रोजीं चोरीच्या तपासासाठीं पोलीस चौकीवर नेलें. दुसऱ्या दिवशीं त्याचें प्रेत रेल्वेच्या रुळाजवळ सांपडलें. पोलीस म्हणाले, रात्रीं तो पळून गेला आणि गाडीखालीं आला. आईनें सर्वोच्च न्यायालयास एक पत्र लिहिलें. न्यायालयानें तें पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतलें, आणि अंगावरील जखमा गाडीच्या नाहींत, हा मृत्यु कोठडींतलाच आहे, असें ठरवून मार्च १९९३ मध्यें दीड लाख रुपये भरपाई देवविली. जीविताचा हक्क सरकारच्या नोकरांनीं हिरावला तर भरपाई सरकारनेंच दिली पाहिजे, सार्वभौमत्वाच्या आड त्याला लपतां येणार नाहीं, हा सिद्धांत ह्या निकालानें कायम झाला. आज वकील हा निकाल त्या बाईच्या नांवानेंच उद्धृत करतात.

ख्वाजा युनूस हा परभणीचाच. सत्तावीस वर्षांचा इंजिनियर, दुबईस नोकरी. डिसेंबर २००२ मध्यें घाटकोपरच्या बाँबस्फोटाच्या तपासांत त्याला पकडलें. जानेवारींत पोलिसांनीं सांगितलें, औरंगाबादेकडे नेत असतां वाटेंत गाडीला अपघात झाला आणि तो पळून गेला. पुढें सरकारी तपासांतच तो पळाला नसून कोठडींत मेला असें निघालें. त्या स्फोटाच्या खटल्यांत त्याचे सहआरोपी २००५ सालीं निर्दोष सुटले. प्रेत मात्र आईस कधींच मिळालें नाहीं. आसिया बेगम ह्या आईनें न्यायालयाची पायरी सोडली नाहीं. उच्च न्यायालयानें २०१२ सालीं वीस लाखांची भरपाई ठरविली. खटला मात्र सरकतच नव्हता. २०२० सालीं आरोपी पोलिसांना परत सेवेंत घेण्यांत आलें, तेव्हां हा न्यायालयाचा अवमान आहे म्हणून ह्या वृद्ध बाई पुन्हां न्यायालयांत गेल्या.

"परभणीचीच?" आत्याबाईंनीं मध्येंच विचारलें. "म्हणजे त्या एकाच गांवांत दोन?"

तिसरी हकीकत आईची नव्हे, बापाची. मुंबईचे लेनर्ड वाल्डारिस यांचा पंचवीस वर्षांचा मुलगा ॲग्नेलो यास एप्रिल २०१४ मध्यें रेल्वे पोलिसांनीं साखळीचोरीच्या संशयावरून नेलें. १८ एप्रिलला तो मेला. पळून जात असतां लोकल गाडीची धडक बसली, असें पोलिसांचें म्हणणें. बापानें उच्च न्यायालय गांठलें, तपास सी.बी.आय.कडे गेला, आणि त्याच याचिकेवर ऑगस्ट २०१४ मध्यें न्यायालयानें महाराष्ट्रांतील सर्व पोलीस ठाण्यांत कॅमेरे बसविण्याचा हुकूम केला. सहा वर्षांनीं, डिसेंबर २०२० मध्यें, सर्वोच्च न्यायालयानें साऱ्या देशासाठीं तसाच हुकूम काढला.

जेथें पहारा आहे, कुलूप आहे, दोर आहे, हातकडी आहे, अशा जागेंतून हे तरुण मुलगे इतक्या सहज पळाले, आणि जो तो मृत्यूच्याच दिशेनें पळाला. पंचवीसांहून अधिक वर्षांचें अंतर, निरनिराळे प्रांत, पण वाक्य एक. आईबाप नसते तर तें वाक्यच सरकारी कागदांत खरें म्हणून राहिलें असतें. एखादा पत्रकार, एखादा वकील पहिले कांहीं दिवस धांवतो. पंधरा आणि वीस वर्षें त्याच त्या जिन्यावर चढत राहणारें माणूस बहुधा एकच असतें.

पैशांविषयीं दादांचें म्हणणें आम्हीं पुष्कळ घोळून पाहिलें, कारण त्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. गरिबाच्या घरांत कर्तें माणूस गेल्यावर पोट थांबत नाहीं. नीलाबती बेहेरांनीं भरपाई घेतली, आणि त्यांत कोणास उणेपणा वाटला नाहीं. पण ती भरपाई दोष कोणाचा तें ठरवून मग दिलेली होती. विजयाबाईंपुढें आधीं पैसे ठेवले गेले. दोष कोणाचा हा प्रश्न तेव्हां मोकळाच होता. मार्च २०२५ मध्यें न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीनें पोलिसांवर जबाबदारी ठेवल्याचें राज्य मानवी हक्क आयोगाकडील अहवालावरून प्रसिद्ध झालें, तरीही गुन्हा नोंदला गेला नव्हता. कोठडींतील मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्यानें करावी, हें २००५ च्या दुरुस्तीनें कायद्यांत आलें आणि आतां तें नागरिक सुरक्षा संहितेच्या १९६ व्या कलमांत आहे. चौकशी झाल्यावर पुढें काय करावयाचें, हें मात्र तेथें स्पष्ट नाहीं. विजयाबाईंच्या वतीनें प्रकाश आंबेडकर उच्च न्यायालयांत उभे राहिले, त्यांनीं हीच उणीव दाखविली. ४ जुलै २०२५ रोजीं औरंगाबाद खंडपीठानें एका आठवड्याच्या आंत गुन्हा नोंदण्याचा हुकूम दिला. सरकार त्यावर सर्वोच्च न्यायालयांत गेलें. ३० जुलैला तेथेंही तो हुकूम कायम राहिला. त्यानंतर परभणीच्या मोंढा ठाण्यांत गुन्हा नोंदला गेला. आईचा अर्ज १८ डिसेंबरचा. म्हणजे एक कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाण्यास सात महिन्यांहून अधिक काळ आणि देशाचें सर्वांत वरचें न्यायालय लागलें.

ह्या सर्व वाचनांत आम्हांस एक गोष्ट बोचत होती, ती येथें लिहितों. एक मुसलमान, एक ख्रिस्ती, एक वडार. आमच्या ओळखीचें, आमच्या पंगतीला बसणारें आडनांव आम्हीं वाचलेल्या यादींत एकही निघालें नाहीं. आमच्या घरांतल्या मुलालाही उद्यां एखाद्या मोटारसायकलच्या तंट्यावरून ठाण्यांत बोलावतील. पण तेथें पोंचण्यापूर्वीं कोणाच्या तरी मेव्हण्याचा फोन तेथें पोंचलेला असेल. अटकेचा कागद करावा, त्यावर साक्षीदाराची सही असावी, घरच्यांस कळवावें, दर अठ्ठेचाळीस तासांनीं डॉक्टरनें तपासावें, अशा अकरा गोष्टी सर्वोच्च न्यायालयानें १९९६ सालीं डी. के. बसू खटल्यांत बंधनकारक केल्या. ज्यांच्या मुलांच्या मरणांतून हे नियम निघाले, त्यांच्या मुलांना ते पुष्कळदां मिळत नाहींत. आमच्या मुलांना न मागतां मिळतात.

असें नेहमींच होतें असें मात्र नाहीं. ह्याच नाशकांत २१ डिसेंबर १९०९ रोजीं विजयानंद नाटकगृहांत कलेक्टर जॅक्सनचा वध झाला. त्यानंतर येथील कितीतरी वाड्यांच्या झडत्या झाल्या. पकडल्या गेलेल्या तरुणांत आडनांवें आमच्यासारखींच होतीं, आणि पोलिसांच्या छळाच्या तक्रारीही त्या आरोपींनीं न्यायालयापुढें केल्या होत्या. आमच्या पणजीबाईंचा धाकटा दीर त्या धरपकडींत आठ दिवस आंत होता. पणजीबाई रोज डबा घेऊन ठाण्यापुढें उभ्या राहात. शिपाई डबा आंत नेत नसे, म्हणून त्या तो तसाच झांकून तेथें बसून राहात. पुढें दीर सुटून आला. त्याच्या पाठीवरचे वळ गोऱ्या साहेबाला दाखवावे म्हणून ही नऊवारींतली बाई दिराला घेऊन कचेरींत गेली, अशी कथा आमच्या घरांत चालत आली आहे. दरवर्षीं त्यांच्या श्राद्धाच्या दिवशीं दादा ही गोष्ट मुलांना सांगतात, आणि सांगतांना त्यांचा आवाज चढतो. पणजीबाईंनीं मन मोठें करावयास हवें होतें, असें आमच्या घरांत आजवर कोणीही म्हटलेलें नाहीं.

त्याच वाड्यापासून हांकेच्या अंतरावर काळारामाचें देऊळ आहे. २ मार्च १९३० रोजीं डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं तेथें सत्याग्रह सुरू झाला, दारें बंद झालीं, आणि दारांपाशीं पोलीस उभे राहिले. तेव्हां आमच्या घरचे लोक दाराच्या कोणत्या बाजूस होते, ही गोष्ट मात्र श्राद्धाच्या दिवशीं कोणी सांगत नाहीं. विचारण्याची सोयही नसे.

मुलांनीं एकदां लंडनची हकीकत आणून दिली. तेथें जातीच्या जागीं कातडीचा रंग आहे. २२ एप्रिल १९९३ च्या रात्रीं स्टीफन लॉरेन्स हा अठरा वर्षांचा काळा मुलगा बसची वाट पाहात उभा होता, आणि केवळ काळा म्हणून गोऱ्या टोळक्यानें त्याला भोसकून मारलें. मारणारे तेथें पोलीस नव्हते. परंतु पोलिसांनीं तपास असा केला, कीं जणूं मेलेल्या मुलाचीच चौकशी चालली आहे. डोरीन आणि नेव्हिल लॉरेन्स ह्या आईबापांनीं पिच्छा सोडला नाहीं. न्यायमूर्ति मॅकफर्सन यांच्या समितीनें फेब्रुवारी १९९९ मध्यें निष्कर्ष काढला, कीं लंडनच्या पोलीस दलांत वर्णद्वेष संस्थेच्या हाडींमाशीं मुरलेला आहे. एकदां सुटलेल्या आरोपीवर त्याच गुन्ह्यासाठीं पुन्हां खटला चालत नाहीं, हा तिकडचा जुना कायदाही पुढें बदलला. दोघांना शिक्षा झाली ती जानेवारी २०१२ मध्यें, मुलगा जाऊन अठरा वर्षें उलटल्यावर. जितकें त्याचें वय, तितकीं वर्षें. आमच्या देशांत एखाद्या मृत्यूची चौकशी झाली कीं दोन शिपाई निलंबित होतात आणि प्रकरण मिटतें. ती सबंध संस्था कशानें आजारी आहे, हा प्रश्न त्या समितीनें विचारला, म्हणून तो अहवाल आम्हांस मोठा वाटतो.

आमच्या घरास हा प्रश्न परका नाहीं. दादांचा धाकटा चिरंजीव स्पर्धापरीक्षा देऊन फौजदार झाला आहे. त्र्यंबक रस्त्यावरील पोलीस अकादमींत तो शिकला. त्याच्या दीक्षान्त संचलनास आम्ही सगळे गेलों होतों, आत्याबाई चाकांच्या खुर्चींत बसून. त्या दिवशीं काढलेलें छायाचित्र बैठकींत पणजोबांच्या तसबिरीखालीं आहे. गणपतींत पोलिसाला रजा कोठली, म्हणून त्या वर्षीं तो नारळी पौर्णिमेस एका रात्रीपुरता आला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागून दहा दिवस झाले होते.

जेवणें झाल्यावर आत्याबाईंनीं त्याला जवळ बसविलें. नारळीभाताचा वाडगा त्याच्या हातांत होता.

"तुम्हांला तिथें मारावयास शिकवितात का रे?"

तो हसला. "नाहीं, आजी. तिथें कायदाच शिकवितात. तो बसूंचा खटला आम्हांला पाठ होता."

"मग मारावयास शिकतां कोठें?"

त्याचें हसणें गेलें. वाडगा त्यानें खालीं ठेवला. "ठाण्यांत," तो म्हणाला. "वरून फोन येतो, दोन दिवसांत छडा लागला पाहिजे. माणसें अपुरीं. बंदोबस्तही त्यांनींच करावयाचा आणि तपासही त्यांनींच. तपासाची माणसें वेगळीं ठेवा, असें सर्वोच्च न्यायालयानें २००६ सालींच सांगून ठेवलें आहे. पण तें सगळें ठाण्यापर्यंत पोंचलेलें मीं पाहिलें नाहीं. मग रात्रीं दोन वाजतां एखादा जुना माणूस येऊन म्हणतो, साहेब, तुम्ही जरा बाहेर जाऊन चहा घेऊन या."

"आणि तूं जातोस?"

बैठकींत दादा होते, वहिनी होत्या, मुलें पत्ते खेळत होतीं. प्रत्येकाच्या हातांतलें काम थांबलें. आमच्या मनांत आलें, कीं आत्याबाईंनीं हें विचारावयास नको होतें, आणि त्याच क्षणीं असेंही आलें, कीं आम्हीं तें सहा महिने आधीं विचारावयास हवें होतें.

"एकदां गेलों होतों," तो म्हणाला. "पहिल्या वर्षीं. अर्ध्या तासानें परत आलों. तो मुलगा कोपऱ्यांत बसला होता. चोरी त्यानें केलेली नव्हती, तें नंतर कळलें. जगला तो, आजी. सुटला आणि गेला. पण जातांना त्याची आई मला म्हणाली, साहेब, तुम्ही चांगले, तुम्ही नाहीं मारलें." तो थांबला. "त्यानंतर मी चहाला गेलों नाहीं."

दादा उठून गॅलरींत गेले. बराच वेळ ते तेथें उभे होते. वहिनींनीं मुलांना झोंपावयास पाठविलें.

दुसऱ्या दिवशीं पहाटे त्याला निघावयाचें होतें. आत्याबाई त्याच्या आधीं उठून बसल्या होत्या. रीतीप्रमाणें त्यांनीं त्याच्या तळहातावर दही घातलें. तो वांकला, तेव्हां त्यांनीं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाहीं.

"रात्रीं कोणाला आणलेंस, तर त्याच्या आईला आधीं कळीव," त्या म्हणाल्या. "आणि चहा ठाण्यांतच मागव."

"हो, आजी."

त्याची बॅग नेहमीं आम्ही स्टँडपर्यंत नेतों. त्या दिवशीं दादांनीं ती आधींच उचलली होती.